उशिरा एमबीबीएसकडे वळणाऱ्यांनी महाविद्यालये कशी निवडावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचविशी, तिशी किंवा चाळिशी ओलांडल्यावर एमबीबीएसचा विचार करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत अभियंते आहेत, परिचारिका व औषधनिर्माते आहेत, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तके काढलेल्या आया आहेत आणि घरच्या अडचणीमुळे बारावीनंतर वैद्यकीयचा नाद सोडावा लागलेली माणसेही आहेत. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील प्रवेशाला धरून आहेत. शुल्क, फेऱ्या आणि कागदपत्रांचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पूर्ण वाचावी.

१. माझे वय ३६ आहे. मला एमबीबीएसला प्रवेश मिळू शकतो का?

होय. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत एवढीच वयाची अट आहे आणि कमाल मर्यादा नाही. मध्यंतरी नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला २५ व राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची मर्यादा घातली गेली होती आणि ती न्यायालयात बराच काळ वादात राहिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये ती नसल्याचे स्पष्ट केले. जुन्या बातम्या वाचून आजही अनेक जण परीक्षेचा अर्जच भरत नाहीत, याचे फार वाईट वाटते. नीट किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. २०२० मध्ये ओडिशातील ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने नीट उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय संस्थेत प्रवेश घेतला होता. वयाची अट अजूनही लागू असलेली ठिकाणे प्रश्न १३ मध्ये दिली आहेत.

२. कोणती महाविद्यालये मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना घेतात? मुलाखतीत वय आड येईल का?

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारखा अपवाद (प्रश्न १३ पाहा) सोडला, तर मुलाखत नसते, निबंध नसतो आणि कामाच्या अनुभवाचे गुणही नसतात. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटमधील गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि आपण भरलेला पसंतीक्रम या तिन्हींवर ठरतो. त्यामुळे महाविद्यालय तुमचे वय पाहून तुम्हाला नाकारू शकत नाही, आणि वीस वर्षे रुग्णसेवा केली म्हणून झुकते मापही देत नाही.

म्हणूनच वयाने मोठ्या उमेदवाराच्या हातात खरी निवड एकच उरते आणि ती म्हणजे पसंतीक्रमाची यादी. अठरा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहून वरून खाली यादी उतरवतो आणि बहुधा त्याचे त्यात काही बिघडत नाही. तुमच्यामागे घर, हप्ते, मुलांची शाळा आणि वृद्ध आईवडील असतील, तर ती यादी तुमच्या संसाराच्या नकाशावर बसली पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरे याच कामासाठी आहेत.

३. अर्ज किती ठिकाणी करावे लागतात?

नीट एकच असते, मात्र समुपदेशनासाठी, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेसाठी, नोंदणी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे करावी लागते. केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे, म्हणजे एमसीसीकडे, देशभरातील शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, सर्व एम्स, पुदुच्चेरीची जिपमर संस्था आणि सर्व अभिमत (डीम्ड) विद्यापीठे असतात. महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका महाविद्यालयांच्या उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालये राज्याच्या सीईटी कक्षाकडे असतात.

एमसीसीकडे अखिल भारतीय जागांसाठी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये नोंदणी शुल्क व १०,००० रुपये परत मिळणारी अनामत भरावी लागते. अभिमत विद्यापीठांसाठी हेच आकडे ५,००० आणि २ लाख रुपये आहेत. अभिमत विद्यापीठाचे शुल्क झेपणारच नसेल (प्रश्न ८ पाहा), तर केवळ पर्याय उघडा राहावा म्हणून दोन लाख रुपये अडकवून ठेवू नयेत.

४. मी बारा वर्षे बंगळुरूला नोकरी करतो, पण मूळचा साताऱ्याचा आहे. मला महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत जागा मिळेल का?

राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे तीन गोष्टी लागतात: महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र, महाराष्ट्रातून उत्तीर्ण केलेली दहावी आणि महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण केलेली बारावी. नोकरी कोठे केली याने या अटी बदलत नाहीत. दहावी व बारावी साताऱ्यात झाली असेल, तर गावाकडच्या पत्त्याचे पुरावे काढून तहसील कार्यालयातून वेळेत डोमिसाईल घ्यावे.

अडचण येते ती वडिलांच्या बदल्यांमुळे दहावी परराज्यात केलेल्यांना. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही ठरावीक परिस्थितीत सवलत असते, परंतु तिच्या अटी अरुंद आहेत आणि पालक निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली असतील तर ती लागू होतेच असे नाही. अशा उमेदवारांनी अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठे हाच आपला मुख्य मार्ग धरून नियोजन करावे. सीमाभागातील उमेदवारांसाठी प्रश्न १६ पाहावा.

५. बारावीला गणित घेतले होते, जीवशास्त्र नव्हते. मी अभियंता आहे. आता काय करावे?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण आवश्यक आहेत. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण केलेल्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेद्वारे पात्र ठरवले आहे. त्यामुळे हा दरवाजा आता उघडा आहे.

अतिरिक्त विषयाची परीक्षा कोणत्या मंडळातून द्यावी, हे मात्र राज्याच्या माहितीपुस्तिकेतील बारावीच्या अटीचे शब्द वाचून मगच ठरवावे, कारण नीटसाठी पात्र असणे आणि राज्य कोट्यासाठी पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुण कमी पडत असतील तर आधी ते सुधारून घ्यावेत. नीटमध्ये चांगला क्रमांक येऊन कागदपत्रांच्या पडताळणीत प्रवेश नाकारला जाणे फार क्लेशदायक असते.

६. पसंतीक्रमाची यादी नेमकी कशी लावावी?

सुरुवात महाविद्यालयांपासून न करता घरापासून करावी. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) अशी साडेपाच वर्षे तुम्ही कोठे राहू शकता, हे आधी कुटुंबासोबत बसून ठरवावे. जोडीदाराची नोकरी कोठे आहे, मुलांची शाळा बदलता येईल का, आईवडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेईल आणि शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतता येईल एवढे अंतर आहे का, या प्रश्नांची उत्तरे स्पष्ट लिहून काढावीत. त्यानंतर नकाशावर तीन वर्तुळे काढावीत: घरून रोज जाता येईल अशी महाविद्यालये, आठवड्याला घरी येता येईल अशी आणि केवळ सणासुदीला येता येईल अशी.

उदाहरणार्थ, कुटुंब सांगलीत असेल तर मिरजेचे शासकीय महाविद्यालय पहिल्या वर्तुळात येते. कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज महाविद्यालय आणि सातारा दुसऱ्यात येतात. मुंबईतील ग्रँट, सेठ जी. एस. किंवा नायर या नामवंत संस्था तिसऱ्यात जातात. तुमचा क्रमांक मुंबईसाठी पुरेसा असला तरी मिरज पहिल्या क्रमांकावर लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. पदवी त्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आहे, अभ्यासक्रम तोच आहे आणि मिरजेच्या रुग्णालयात पश्चिम महाराष्ट्राबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात.

७० टक्के जागा त्याच विभागातील उमेदवारांना देणारा विभागवार ७०:३० कोटा राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केला. त्यामुळे मराठवाडा किंवा विदर्भातील उमेदवाराला आता राज्यभरातील जागांसाठी समान स्पर्धा करता येते, मात्र आपल्या विभागातील जागांवर पूर्वीसारखा हक्कही उरलेला नाही. जुन्या कट-ऑफचे तक्ते पाहताना २०२० पूर्वीचे आकडे बाजूला ठेवावेत.

एक सूचना कळकळीने करतो. जेथे तुम्ही खरोखर जाणार नाही, असे एकही नाव यादीत लिहू नये. भीतीपोटी भरलेले शेवटचे पाच-सहा पर्यायच पुष्कळदा पदरात पडतात आणि मग दोन-तीन दिवसांत घर मोडायचे की जागा सोडायची हे ठरवावे लागते. जागा सोडण्याचे परिणाम प्रश्न १४ मध्ये आहेत.

७. आमच्या जिल्ह्यात नवे शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ते घ्यावे की लांबचे जुने?

गेल्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबार, सातारा, धाराशिव, परभणी आणि रत्नागिरी येथे शासकीय महाविद्यालये सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ अशा आणखी दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मोठ्या वयाच्या उमेदवारांसाठी ही मोलाची घडामोड आहे, कारण ज्या गावांतून पूर्वी घर सोडल्याशिवाय वैद्यकीय शिक्षण शक्य नव्हते, तेथे आता ते घरी राहून करता येईल.

नव्या संस्थेत उणिवाही असतात. अनेक ठिकाणी स्वतःची इमारत पूर्ण झालेली नसते, जिल्हा रुग्णालयातच वर्ग भरतात, अध्यापकांची पदे रिक्त असतात आणि वरच्या वर्षाचे विद्यार्थी नसल्याने जुन्या टिपणांची किंवा अनुभवाची सोय नसते. बी. जे. महाविद्यालय आणि ससून, नागपूरचे शासकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय यांच्याकडे अनेक दशकांची परंपरा आणि रुग्णांची अफाट गर्दी आहे, आणि हात तयार होतो तो रुग्ण पाहूनच.

माझे मत असे की, घरापासून रोज जाता येण्याजोगे नवे शासकीय महाविद्यालय आणि तीनशे किलोमीटरवरचे जुने यांत आश्रित कुटुंब असलेल्याने नवे निवडावे, मात्र निवडण्यापूर्वी ते स्वतः पाहून यावे. सकाळी दहा वाजता बाह्यरुग्ण विभागात किती रांग आहे, प्रसूती आणि शस्त्रक्रिया विभाग रात्रीही चालू असतात का, शरीररचनाशास्त्राची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय प्रत्यक्षात आहे का, हे पाहावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. घरची जबाबदारी फारशी नसलेल्या उमेदवाराने जुनेच घ्यावे.

८. शासकीय, खासगी आणि अभिमत यांत पैशाचा हिशेब कसा करावा?

शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क साधारण दीड लाख रुपयांच्या घरात आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते महाविद्यालयागणिक बदलत अनेक लाखांत जाते. अनेक अभिमत विद्यापीठांत ते वर्षाला २० लाख रुपयांहून अधिक आहे. खासगी महाविद्यालयांतील संस्थास्तरीय व अनिवासी भारतीय कोट्याचे शुल्क नियमित शुल्काच्या काही पट असते, त्यामुळे यादी भरताना कोटा कोणता हे नीट पाहावे.

मोठ्या वयात शुल्कापेक्षा मोठा खर्च बुडालेल्या पगाराचा असतो. महिना ५०,००० रुपये मिळवणाऱ्या माणसाने साडेपाच वर्षे नोकरी सोडली, तर ३३ लाख रुपये मिळकत जाते, आणि त्यातच पगारवाढ व भविष्य निर्वाह निधीही गेला. हा आकडा मांडल्यावर अभिमत विद्यापीठाचे शुल्क त्यात मिळवून पाहावे. पदवी हाती येईल तेव्हा वय ४५ असेल आणि कर्ज फेडायला कमावती वर्षे थोडी उरतील, तर एक कोटीच्या आसपासचे शिक्षण घेऊ नये असे मला स्पष्टपणे वाटते. साडेसात लाख रुपयांपेक्षा अधिक शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. राहते घर तारण ठेवण्यापूर्वी जोडीदाराची मनापासून संमती घ्यावी. शासकीय जागेसाठी आणखी एक वर्ष नीटची तयारी करणे हे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी राज्याने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत कोणाचे उत्पन्न धरले जाईल, हे शासन निर्णय वाचून आणि महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात लेखी विचारून घ्यावे.

९. नोकरी सांभाळून एमबीबीएस करता येईल का?

नाही. तात्त्विक तासांना किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व रुग्णालयीन कामाला ८० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. अर्धवेळ किंवा दूरस्थ एमबीबीएस मान्यताप्राप्त नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्या व्यक्तीला पैसे देऊ नयेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांनुसार सलग पाच वर्षांहून अधिक रजा सर्वसाधारणपणे मिळत नाही आणि अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. म्हणून पदाचा राजीनामा द्यावा लागेल हे धरूनच निर्णय घ्यावा. आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, पण त्यावर कुटुंब चालत नाही.

१०. वसतिगृहात राहावेच लागते का?

संस्थेगणिक नियम वेगळे आहेत. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. तेथे खादी, श्रमदान आणि गावांशी बांधिलकी हा शिक्षणाचा भाग आहे, आणि ज्यांचा ओढा ग्रामीण आरोग्याकडे आहे त्यांना ते वातावरण मानवते. मात्र निवासी जीवनाची अपेक्षा असलेल्या अशा संस्थेत कुटुंबासह राहता येईल का, हे अधिष्ठाता कार्यालयाला आधी विचारावे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी विवाहितांची निवासस्थाने सहसा नसतात. मुंबई-पुण्यात भाड्याने घर घ्यायचे झाल्यास प्रश्न ८ मधील हिशेबात त्याचे भाडे मिळवावे.

११. मी विवाहित आहे आणि मूल लहान आहे. कागदपत्रे आणि सुट्टी यांचे काय?

लग्नानंतर नाव बदलले असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आधार आणि नीटचा अर्ज यांत मेळ असला पाहिजे. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद सोबत ठेवावी. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या, म्हणजे जन्माच्या जातीवर मिळते. सासरच्या जातीचा लाभ घेता येत नाही. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून नीटचा निकाल लागण्याची वाट न पाहता अर्ज करावा. शिक्षणात खंड असल्याने खंडाबाबतचे शपथपत्र आणि शेवटच्या शिक्षणसंस्थेचा दाखलाही तयार ठेवावा.

प्रसूतीमुळे उपस्थिती कमी पडल्यास परीक्षा पुढे जाऊ शकते. प्रवेशापासून ९ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात. म्हणजे एखाद्या वर्षाचा विलंब सामावून घेण्याइतकी जागा नियमात आहे. मूल सांभाळायला माहेर किंवा सासर ज्या शहरात आहे, ते शहर यादीत वर आणावे.

१२. मी बीएएमएस आहे (किंवा बीडीएस, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी). थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का?

नाही. नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच शिकावे लागते आणि आधीच्या विषयांची सूट मिळत नाही. आधीच्या ज्ञानाचा उपयोग वर्गात नक्की होतो, प्रवेशात मात्र होत नाही.

१३. मग वयाची अट कोठे लागू होते?

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि ३१ डिसेंबरपर्यंत त्याच्या वयाला २४ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. ही अट तुमच्या बाबतीत पूर्ण होत नसेल तर ते नाव यादीतून काढून टाकावे.

पुढील नोकरीत मात्र वय महत्त्वाचे ठरते. संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षेची सर्वसाधारण मर्यादा ३२ वर्षे आहे, केंद्रीय आरोग्य सेवेतील काही पदांसाठी ती ३५ आहे. राज्य शासनाच्या नोकरीत खुल्या प्रवर्गाला सर्वसाधारणपणे ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांची मर्यादा असते, डॉक्टरांच्या जाहिरातींत काही वेळा ती शिथिल होते. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या नीट-पीजीला कमाल वयाची अट नाही. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, तीही आपल्या वेळापत्रकात मोजावी. अखिल भारतीय कोट्यातून परराज्यात गेल्यास तेथील बंधपत्राची मुदत व रक्कम वेगळी, कधी बरीच जास्त असते.

१४. पहिल्या फेरीत न आवडणारे महाविद्यालय मिळाले तर सोडता येते का?

एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीपासून अनामत जप्त होते आणि शेवटच्या फेऱ्यांत जागा नाकारल्यास पुढील नीटला बसण्यावर बंदीही येऊ शकते. अखिल भारतीय कोट्यातील जागा पुढच्या फेऱ्यांत पक्की झाली की राज्याच्या फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून ज्याला महाराष्ट्रातच राहायचे आहे, त्याने दुसऱ्या फेरीत परराज्यातील नावे भरू नयेत.

राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथे रुजू व्हावेच लागते आणि पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. खालच्या पसंतीचे मिळून तेच ठेवायचे असल्यास स्टेटस रिटेन्शन अर्ज भरावा लागतो, तो भरला नाही तर वरच्या पसंतीची जागा मिळताच आधीची आपोआप जाते. घराजवळचे महाविद्यालय मिळाले आणि समाधान असेल तर हा अर्ज त्याच दिवशी भरावा. नंतर बदली करून घेऊ या भरवशावर लांबची जागा स्वीकारू नये.

१५. परदेशातून स्वस्तात एमबीबीएस करावे का?

परदेशी पदवीसाठीही नीट उत्तीर्ण असावी लागते. या कामासाठी तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. २०२१ च्या नियमांनुसार तेथील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेतील १२ महिन्यांच्या आंतरवासितेसह असावा लागतो. भारतात परतल्यावर परवाना परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. हा सर्व काळ मिळवला तर सात वर्षे सहज जातात. चाळिशीच्या उंबरठ्यावरील उमेदवाराला हा मार्ग मी सुचवत नाही.

१६. आम्ही बेळगाव भागातले मराठी भाषक आहोत. महाराष्ट्रात अर्ज करता येतो का?

महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी राज्याच्या वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या थोड्या जागा राखीव असतात. त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे विहित नमुन्यातील दाखले लागतात. ते देणारे अधिकारी आणि अंतिम दिनांक माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टात दिलेले असतात. जागा मोजक्याच असल्याने कर्नाटकातील आणि अखिल भारतीय कोट्यातील नोंदणीही सोबत करावी. गोव्यातील उमेदवारांना महाराष्ट्रात अशी सोय नाही. त्यांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासाठी गोव्याच्या निवासाच्या अटी पाहाव्यात, आणि महाराष्ट्रातील उमेदवाराला तेथे जायचे असल्यास तो अखिल भारतीय १५ टक्क्यांतूनच जाऊ शकतो.